पाठकसाहेबांच्या वजनाची गाडी

खामगावच्या बायपासवर चाकांच्या अलाइनमेंटचं माझं दुकान. आता ते पुतण्या सांभाळतो आणि मी सकाळी चहापुरता जाऊन खुर्चीवर बसतो. इतकी वर्षं हे काम केलं, पण ते नेमकं काय असतं हे अजून माझ्या सख्ख्या मेहुण्यालाही कळलेलं नाही. तो लोकांना सांगतो, "आमचे भाऊजी पंक्चर काढतात." मी आता दुरुस्त करत बसत नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. माणूस चालताना पंजे आत वळवून चालतो, नाहीतर बाहेर फाकवून. चाकांचंही तसंच असतं. त्याला आम्ही टो म्हणतो. काहींचे गुडघे एकमेकांकडे झुकलेले असतात, काही फेंगडे असतात. चाकाचा तसा कल म्हणजे कॅम्बर. सायकलचा पुढचा चिमटा मागे रेललेला असतो, म्हणून हात सोडले तरी ती सरळ जाते, तो कॅस्टर. या तीन गोष्टी बिघडल्या की गाडी एका बाजूला ओढते, टायर आतून खाल्ला जातो आणि मालक माझ्याकडे येतो.

मालक येतो तो बहुधा स्वतःचं निदान घेऊनच. पिंपळगाव राजाचा एक जीपवाला आला होता. बंपरला लिंबू-मिरची आणि काळी बाहुली. म्हणाला, "मिस्त्री, बाकी कुठी नाई, पण आमच्या शिवारातल्या एका चिंचेपाशी गाडी डावीकडं ओढते. त्या झाडाले लय जुनं काही हाये." मी त्याच्यासोबत गेलो. चिंचेपाशी रस्ताच डावीकडे उतरता होता आणि जीपचा टाय रॉड, म्हणजे चाकं वळवणारा दांडा, जरासा वाकलेला. रॉड बदलला, ओढणं थांबलं. तो मात्र झाडाला नारळ फोडून आला. माझ्या वडिलांनी आमच्या घरात असल्या गोष्टी कधी शिरू दिल्या नाहीत. बाहेरची बाधा कुणी म्हणालं की ते म्हणत, "आधी कारण शोध, मंग भिऊ." मी आयुष्यभर तसाच वागलो. म्हणूनच पुढचं लिहायला बसताना हात जरा अडखळतो. कारण शोधूनही ते पुरेसं वाटू नये, असं माझ्या कामात एकदाच घडलं.

दिगंबर पाठक बुलढाण्याला एका कचेरीत हेडक्लार्क होते. घर देऊळघाट रस्त्याला. अंगानं भरभक्कम, आवाज खणखणीत, आणि डोक्यात एकच वेड. त्यांच्याकडे दोन दारांची, बुटकी, लांब नाकाची एक जुनी परदेशी गाडी होती. तरुणपणी शर्यतीत पळालेली. इंजिन पुढे, पण गाडीला ढकलणारी चाकं मागची. पुण्याच्या एका गॅरेजमागे ती गवतात सडत पडली होती. पाठकसाहेबांनी ती ट्रकवर घालून आणली आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये कित्येक वर्षं तिच्याशी झटून तिला उभी केली. रंग काळपट हिरवा. कचेरीत सायकलनं जाणारा हा माणूस रविवारी सकाळी ती गाडी काढायचा आणि राजूर घाट उतरून-चढून घरी यायचा. बस, एवढाच शौक.

पहिल्यांदा माझ्याकडे आले तेव्हा मी कंपनीच्या आकड्यांचं पुस्तक काढायला लागलो. म्हणाले, "सुरडकर, ते ठेव बाजूले. ते सगळ्यांसाठी हाये. मले माझे आकडे पाहिजे."

अशी मागणी माझ्याकडे कुणी केली नव्हती. घाटात पळणाऱ्या गाडीची पुढची चाकं वरून जरा आत झुकलेली हवीत, म्हणजे वळणात गाडी कलली की टायर पुरता रस्त्यावर बसतो. टो किंचित बाहेर हवा, म्हणजे स्टिअरिंगला हात लावताच नाक वळतं. पण किती, ते कुणी सांगू शकत नाही. आम्ही लावायचो, ते घाटात जाऊन यायचे, सांगायचे, पुन्हा लावायचो. असं जवळजवळ एक पावसाळा ते दुसरा पावसाळा चाललं.

त्यात एक अडचण होती, ती म्हणजे स्वतः पाठकसाहेब. गाडी हलकी, स्प्रिंगा कडक आणि माणूस वजनदार. ते बसले की उजवी बाजू खाली जायची आणि मी लावलेलं सगळं बदलायचं. तेव्हा मी त्यांना बसवूनच काम करायला लागलो. एका बंद पडलेल्या जिनिंगमधून कापूस तोलायचे चार सपाट काटे मिळवले, आकडे दिसणारे. एकेका चाकाखाली एकेक ठेवला. या गाडीच्या स्प्रिंगांखाली आटे असलेल्या वाट्या होत्या. त्या फिरवल्या की त्या कोपऱ्यावरचा भार कमी-जास्त करता यायचा. आधी मी सीटवर वाळूची पोती ठेवून पाहिली. पण पाठकसाहेबांना ते पटेना. "मी काय पोतं हाओ का?" म्हणून स्वतःच बसले.

तेव्हा एक गंमत कळली. पोतं ठेवलं की काट्यावरचा आकडा जागच्या जागी उभा राहतो. माणूस बसला की तो थांबत नाही. शेवटचा अंक सारखा वर-खाली होत राहतो. मी खालून ओरडायचो, "साहेब, हालू नका."

"हालत नाई बे. श्वास घेऊन राह्यलो. तो बी बंद करू काय?"

असं करत करत ती गाडी जुळली. रिकामी उभी असली की वाकडी, उजवीकडून जरा उचललेली, आणि पाठकसाहेब आत बसले की चारी चाकांवर सरळ. शिंप्यानं अंगावर कपडा बेतावा तशी. माझ्या हातून अशी दुसरी गाडी झाली नाही, आणि तिचा मला अभिमान होता. अजूनही आहे.

साहेब निवृत्त झाले आणि नंतर एका हिवाळ्यात गेले. संध्याकाळी शेडमध्ये गाडीत बसले होते, गाडी बंद, आणि बसल्या जागीच हृदय थांबलं. मी मयतीला गेलो होतो. शेडचं दार ओढून घेतलेलं होतं. त्या दिवशी कुणी गाडीचा विषय काढला नाही.

मग मधे काही वर्षं गेली, आणि जानेवारीतल्या एका सकाळी ती गाडी माझ्या दुकानापुढे येऊन उभी राहिली. लांबून पाहिली तेव्हा क्षणभर वाटलं, साहेबच आले. खरं सांगायचं तर, गाडी ज्या पद्धतीनं फाटकातून वळून आत आली, ती पद्धत त्यांची होती. आतून मात्र त्यांची मुलगी उतरली. मुक्ता. अकोल्याला नोकरी करते. अंगानं अगदी काडी.

"काका, गाडी मला माझ्या मापाची करून द्या," ती म्हणाली.

"चालते का नीट?"

"चालते. मी दोन महिने घेऊन बसलेय तिला. टायर, ब्रेक, पेट्रोलच्या नळ्या, सगळं नवं केलं." मग तिनं गाडीकडे पाहिलं. "पण माझ्यानं वळत नाही."

"म्हणजे वळताना जड जाते?"

"नाही. माझ्या आधी वळते. बोथ्याच्या जंगलातून आत्ता आले ना, तिथं मी वळणाच्या आतून जायचं ठरवलं की ती बाहेरून जाते. बाबा जायचे तशी. एका वळणावर समोरून ट्रक आला. मी डावीकडं घेत होते आणि ती घेईना." तिनं दोन्ही हात खिशात घातले.

दुसरं तिनं सांगितलं ते आईचं. "आईला गाडी विकायचीय. इंदूरचा एक माणूस रविवारी येऊन घेऊन जाणार आहे. खूप भांडले तेव्हा एवढंच म्हणाली, सुरडकर भाऊ म्हणतील गाडी धड आहे तर ठेव. नाही तर जाऊ दे."

मला यात अवघड असं काही दिसलं नाही. गाडी एका भारी माणसासाठी बेतलेली आणि चालवणारी हलकी. उजवी बाजू उचललेली राहणार, चाकांचे कोन वेगळे पडणार, गाडी वळणात ऐकणार नाही. तसं तिला सांगितलं. तिचा चेहरा सैल झाला.

गाडी काट्यांवर चढवली. मुक्ता खाली उतरली. मी आकडे पाहिले आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

उजवी बाजू उचललेली नव्हती. आत कुणी नसताना गाडी चारी चाकांवर सरळ उभी होती.

शेजारी रशीदभाईंचं शॉक अॅब्सॉर्बरचं काम चालायचं. गप्पांना बसवलं तर दोन तास स्प्रिंगांवर बोलतील असा माणूस. त्यांना हाक मारली. ते म्हणाले, स्प्रिंग बसली असंल. आम्ही दोघांनी खाली शिरून पाहिलं. स्प्रिंगा शाबूत. वाट्या मी ज्या आट्यावर सोडल्या होत्या तिथंच, वर गंजाचा पातळ थर, म्हणजे कुणी हात लावलेला नाही. आणि मुख्य म्हणजे स्प्रिंग बसली तर भार या चाकावरून त्या चाकावर जाईल. चारी काट्यांची बेरीज वाढणार नाही. ती वाढलेली होती. साधारण एका भरभक्कम माणसाइतकी.

डिकी उघडली. स्टेपनी काढली. हत्यारं, जॅक, पायाखालचे गालिचे, सगळं बाहेर. तरी बेरीज जास्तच. काट्याचा दोष म्हणावा तर मी स्वतः चारी काट्यांवर एकेकदा उभा राहिलो. माझं वजन बरोबर दाखवत होते.

तेव्हा रशीदभाईंनी माझ्या दंडाला हात लावला आणि पुढच्या उजव्या चाकाकडे बोट केलं. शेवटचा अंक हलत होता. वर, खाली. जरा थांबून पुन्हा वर, खाली. बाकीच्या काट्यांवर तो तसाच, पण कमी.

दुकानात पंखा नव्हता, वारा नव्हता, रस्त्यानं ट्रकही जात नव्हता. मी किती वेळ पाहत राहिलो कोण जाणे. असा हलणारा आकडा मी याच गाडीखाली झोपून महिनोन् महिने पाहिलेला होता.

रशीदभाई हळूच म्हणाले, "भाई, इसमें कोई बैठा है." त्यात चेष्टा नव्हती. मग ते आपल्या दुकानात गेले आणि पुष्कळ वेळ आले नाहीत.

मुक्ता बाहेर फोनवर बोलत होती. तिला मी यातलं काही सांगितलं नाही. ती आल्यावर फक्त म्हणालो, "बस जरा, तुझं वजन घेऊ." ती बसली. बेरीज तिच्या वजनाइतकी वर चढली. आधीचं काही कमी झालं नाही. तिनं दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि समोर पाहत म्हणाली, "लहानपणी मी बाबांच्या मांडीवर बसून अशीच धरायची. मला वाटायचं मीच चालवतेय."

मी तिला म्हणालो, "उतर बेटा."

"काय झालं काका?"

"काही नाही. उतर आधी."

तिला खोटं सांगायचं नव्हतं आणि खरं काय ते मला माहीत नव्हतं. शेवटी म्हणालो, गाडी आज धड आहे असं मी सांगू शकत नाही. तिचा चेहरा पडला. "मग रविवारी जाईल ती," एवढंच बोलली.

मला एकच वाट सुचली. शर्यतीच्या गाडीत कधी कधी भार जुळवायला शिशाचे ठोकळे बसवतात. साहेबांनी मला न सांगता कुठं पत्र्याच्या आत तसं काही टाकलं असेल तर घरच्यांना ठाऊक असणार. मी म्हणालो, "उद्या आईला घेऊन ये. साहेबांनी गाडीत काही बसवलं होतं का ते विचारायचंय."

गाडी काट्यांवरच ठेवून शटर ओढलं. घरी बायकोनं विचारलं, आज बोलत का नाही. मी म्हणालो, थंडी वाजते.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुई पडली होती, रस्त्यापलीकडचं दिसत नव्हतं. शटर वर करताना गार लोखंडानं बोटं बधिर झाली. आत अंधारात काट्यांचे लाल आकडे दिसत होते आणि शेवटचा अंक तसाच, संथ, वर-खाली. झोपलेल्या माणसाचा असावा तसा. मी दिवे लावले, पण गाडीजवळ गेलो नाही. रशीदभाई येईपर्यंत बाहेर ऊन शोधत उभा राहिलो.

मुक्ता आईला घेऊन एसटीनं आली. सुमनवहिनी मला बऱ्याच थकलेल्या वाटल्या. दुकानात आल्या, पण गाडीपासून लांब, टायरांच्या चळतीपाशी थांबल्या. मी शिशाच्या ठोकळ्यांचं विचारलं.

"नाई भाऊ. तसं काही आणलं असतं तर मले दाखवलं असतं. नटबोल्ट आणला तरी दाखवायचे." मग त्यांची नजर काट्यांवर गेली. "हे आकडे काऊन हालून राह्यले?"

"काटे जुने झाले वहिनी. थंडीनं असंल."

त्या पाहत राहिल्या. माझ्याकडे नाही, आकड्यांकडे. हळूहळू त्यांचा स्वतःचा श्वास त्या आकड्यांबरोबर चालायला लागला, हे मला दिसलं. मुक्ता म्हणाली, "आई, तू बस बरं." त्या बसल्या नाहीत.

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, घरातलं काही सांगावं तसा. "भाऊ, तुमच्यापासून काय लपवायचं. यांची रोजची सवय होती, संध्याकाळी गाडीत जाऊन बसायचे. चालवायची नाई, नुसतं बसायचं. त्या दिवशी भरीत केलं होतं. भाकरी तव्यावर होती. मी हाक मारली, तर आलो म्हणाले. पुन्हा मारली. तिसऱ्या वेळी मी शेडच्या दारापाशी गेले. हे पाठमोरे, उत्तर नाई. मले राग आला. म्हटलं, नाई यायचं ना? बसा मंग तठीच."

त्यांनी टायरांच्या चळतीवर हात टेकला.

"मी जेवून घेतलं. यांचं ताट झाकून ठेवलं. नंतर गेले तर..." पुढचं त्यांनी हातानंच सांगितलं. "तेव्हा ते ऐकून राह्यले होते का नाई, कोण जाणे. पण माझं शेवटचं बोलणं तेच. बसा तठीच. लोकांले वाटते मी दुःखानं शेडमध्ये जात नाई. मले भेव वाटते भाऊ. मी सांगितलं म्हणून ते बसूनच हायेत असं वाटते. म्हणून विकायले काढली. म्हटलं, जाऊ दे दूर." आणि मग एक विचित्र, ओलं हसू त्यांच्या तोंडावर आलं. "पण मंग हे बी इंदूरले जातीन, हे काही सुचलं नाई मले."

मुक्ताला यातलं काही माहीत नव्हतं. ती भिंतीला टेकून उभी राहिली. रशीदभाई दारात होते, त्यांनी दुवा मागताना ठेवावा तसा डोक्यावर रुमाल ठेवला.

वहिनींनी पदर नीट केला आणि चालत गाडीच्या उजव्या बाजूला गेल्या. त्यांनी दार उघडलं, पुरतं उघडलं, आणि ते धरून एका बाजूला उभ्या राहिल्या. साहेबांच्या गुडघ्यांना त्रास होता. बुटक्या गाडीतून उतरताना ते दाराचा वरचा काठ धरून उठायचे, हे मलाही ठाऊक होतं. वहिनींनी दोन्ही हातांनी दार घट्ट धरलं होतं, हलू नये म्हणून.

"अहो," त्या म्हणाल्या. "उतरा आता. जेवायचं राह्यलं तुमचं. मुक्ताले बसू द्या."

काही झालं नाही. बाहेर रस्त्यानं एक ट्रॅक्टर गेला. वहिनी वाट पाहत राहिल्या. भारी माणसाला उतरायला वेळ लागतो, तो त्यांनी दिला. मग बिजागरी करकरली. वहिनींचे हात किंचित खाली गेले आणि पुन्हा वर आले. त्या एक पाऊल मागं सरल्या, वाट करून द्यावी तशा.

मी काट्याकडे पाहिलं. उजवीकडचा आकडा खाली आला होता, आणि शेवटचा अंक जागच्या जागी उभा होता. चारी काट्यांवर काही हलत नव्हतं. गाडी उजवीकडून जराशी उचललेली दिसत होती, रिकामी असताना ती नेहमी दिसायची तशी.

वहिनी बाहेर गेल्या. दुकानापुढे बाक आहे, त्याच्या एका टोकाला बसल्या. बाक मोठा होता आणि कुणी नव्हतं, तरी त्या अगदी कडेला बसल्या. धुई विरत चालली होती.

मी कारण शोधणाऱ्या बापाचा मुलगा आहे. तेव्हा हेही लिहितो, की जिनिंगचे ते काटे जुने होते. अशा काट्यांची वायर सैल झाली, गारठ्यात ओल धरली, की आकडे भटकतात. माणूस उभा राहिला तर बरोबर दाखवतील आणि गाडीखाली चुकतील, असंही होऊ शकतं. दार पुरतं उघडल्यानं गाडीला हिसका बसून काटे जाग्यावर आले असतील. रशीदभाईंना मी हे सगळं पुढे समजावून सांगितलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "हाव भाई, असंच असंल." त्या दिवसानंतर ते काटे मी वापरले नाहीत. अडत्यालाही विकले नाहीत.

त्या दिवशी मुक्ताला म्हणालो, "चल, बस. तुझ्या मापाची करू." ती बसली. बसताना जराशी थबकली, मग मागे टेकली. मी वाट्या फिरवल्या, उजवीकडचा भार तिच्या वजनाला जुळवला. मग चाकं. कॅम्बर थोडा कमी केला. टो जवळजवळ सरळ केला, कारण वडिलांसारखी झटक्यात वळणारी गाडी तिला नको होती. साहेबांबरोबर इतक्या दिवसांत जुळवलेला एकेक आकडा माझ्याच पान्यानं मी मोडला. काम करताना मला वाटलं होतं की ते आकडे मला तोंडपाठ आहेत. आता आठवायला बसलो तर मागच्या चाकांचे धड आठवत नाहीत. एवढी खंत आहे.

गाडी विकली नाही. इंदूरच्या माणसाला वहिनींनी स्वतः फोन करून नाही म्हणून सांगितलं. मुक्ता सुट्टीला आली की राजूर घाटात जाते. वहिनी शेडमध्ये जातात, तिथं त्यांनी तुळशीच्या कुंड्या ठेवल्या आहेत. मागच्या उन्हाळ्यात मुक्ता गाडी दाखवायला आली तेव्हा टायर सगळीकडून सारखे झिजले होते. आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

पण मनात राहिलं आहे ते त्याच दिवशीचं. काम उरकल्यावर मुक्ता आणि मी गाडी चालवून बघायला पिंपळगाव राजाच्या रस्त्याला लागलो. मी शेजारी बसलो होतो. रस्त्याचा एक सरळ तुकडा आला तशी मी म्हणालो, हात सोड. तिनं सोडले. गाडी रेषेसारखी सरळ गेली. पुढच्या वळणावर तिनं स्टिअरिंग फिरवलं, आणि ती फिरवेल तेवढीच गाडी वळली. "आता माझ्याबरोबर वळतेय," ती म्हणाली. दोन्ही बाजूंना तुरी उभ्या होत्या आणि ऊन कललं होतं.

मग रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "काका, रात्रभर गाडी दुकानात होती ना? शटर बंद?"

"हो."

"मी सकाळी बसले तेव्हा सीट गरम होती."

सकाळी शटर उचलताना माझी बोटं बधिर झाली होती. मी तिच्याकडे पाहिलं. ती घाबरलेली दिसत नव्हती. तिनं मागे टेकून पाठ नीट बसवली, थंडीत अंगावरचं पांघरूण जवळ ओढावं तशी.

"समोर बघ बेटा," मी म्हणालो.

समोरून कापूस भरलेली ट्रॉली येत होती. मुक्तानं वेग कमी केला, गाडी अलगद डावीकडं घेतली आणि ट्रॉलीला वाट दिली.